कारणाचा रकाना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता. त्या प्रांतात वेड्यांची दोन इस्पितळं होती, एक नागपूरला आणि दुसरं जबलपूरला. गावात कुणी भ्रमिष्ट झाला, रस्त्यात ओरडत फिरू लागला, घरच्यांना आवरेनासा झाला, की पोलीस त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेत आणि तिथून त्याची इस्पितळात रवानगी होई. माणसाबरोबर कागद जायचे. त्यांत एक रकाना असायचा: वेडाचं कारण.

हा रकाना भरायला लागणारी माहिती बहुतेक वेळा पोलिसांकडून यायची. पोलिसाला रोग्याचं मागचं आयुष्य ठाऊक नसे आणि वैद्यकही ठाऊक नसे. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारी, हा गांजा ओढायचा का? कुणी ‘कधीमधी ओढायचा’ म्हटलं की रकाना भरला. इस्पितळात तेच रजिस्टरात उतरायचं, रजिस्टरावरून वर्षाचा तक्ता व्हायचा आणि त्या तक्त्याच्या आधारावर मोठमोठी माणसं सांगायची की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत.

व्यसन म्हणजे काय, या प्रश्नाचा इतिहास मला या रकान्यापासून सांगावासा वाटतो. सव्वाशेहून अधिक वर्षांत त्यात पाप आलं, रोग आला, सवय आली, मेंदू आला, परिस्थितीही आली. जे लिहिलं गेलं त्यावर माणसाच्या वाट्याला काय येणार हे ठरत गेलं: तुरुंग, उपदेश, औषध किंवा कुणाचा तरी आधाराचा हात.

बाराशे साक्षी

२ मार्च १८९३ रोजी विल्यम केन या खासदाराने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बंगालमधल्या गांजाबद्दल प्रश्न विचारला. केन दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते होते. गांजाने लोक वेडे होतात की नाही, याची चौकशी करा, अशी मागणी पुढे आली. त्याच वर्षी जुलैमध्ये हिंदुस्थान सरकारने आयोग नेमला आणि चौकशी बंगालपुरती न ठेवता साऱ्या देशाची केली. अध्यक्ष होते डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. एकूण सात सभासद, त्यांत तीन हिंदी. मध्य प्रांतातून आले अँड्र्यू फ्रेझर, त्या वेळचे छत्तीसगडचे आयुक्त. भंडाऱ्याच्या पूर्वेला लागलेला हा मुलूख त्यांच्या पायाखालचा होता.

आयोगाने ११९३ जणांच्या साक्षी घेतल्या. त्यांत डॉक्टर होते, महसूल अधिकारी होते, मिशनरी होते, जमीनदार होते, गांजा पिकवणारे आणि विकणारेही होते. पण माझ्या दृष्टीने आयोगाचं सर्वांत मोठं काम वेगळंच आहे. त्यांनी रजिस्टरं उघडली आणि रकाना जसाच्या तसा मानायला नकार दिला.

१८९२ या एका वर्षात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांत १३४४ माणसं दाखल झाली होती. त्यांतल्या २२२ जणांपुढे कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस लिहिलेलं होतं. आयोगाने या माणसांची पुन्हा चौकशी करवली. जिथून ते आले तिथल्या अधिकाऱ्यांना आणि घरच्यांना विचारलं गेलं: आधी काय झालं? वेड आधी की गांजा आधी? घराण्यात कुणाला होतं का? कुणाला फेपरं होतं, कुणाच्या घरात वेड चालत आलेलं होतं, कुणी गांजाला शिवलेलाही नव्हता. चौकशीच्या चाळणीतून २२२ पैकी फक्त ९८ उरले, आणि या ९८ मध्येही गांजाखेरीज दुसरं कारण दिसत नाही असे ६१ निघाले.

१८९४ च्या अहवालात आयोगाने आपलं मत मांडलं. बेताने घेणाऱ्यांना या पदार्थांनी सहसा मोठी इजा होत नाही. अती घेणाऱ्यांची मात्र शरीर-मनाची हानी होते. याच्या पुढे जाऊन त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: अती गांजा ओढणं हे पुष्कळदा मनाच्या आधीच्या अस्थिरतेचं लक्षणही असतं, आणि त्याच गांजाने ती अस्थिरता वाढतेही. कारण आणि परिणाम यांच्यामधला बाण एकाच दिशेने जात नाही. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खंट्झियन यांनी मांडलं की माणसं आपल्या दुखण्यावर आपल्याच हाताने औषध शोधतात आणि त्या शोधात व्यसनात सापडतात. त्याचं बीज नव्वद वर्षं आधीच्या या सरकारी अहवालात दिसतं.

आयोगाला देवत्व द्यायचं कारण नाही. गांजा सरकारी परवान्याने विकला जायचा. मध्य प्रांतात त्याची लागवड निमाडमधल्या खांडव्याच्या टापूत बंदिस्त ठेवली होती, म्हणजे कर चुकायला नको. त्याच सुमारास अफूवर नेमलेल्या शाही आयोगाने १८९५ मध्ये दिलेल्या अहवालाने अफूच्या व्यापाराला धक्का लागू दिला नाही. तिजोरीचं वजन तराजूच्या एका पारड्यात होतंच. तरीही रकान्यातल्या शब्दावर न थांबता त्या माणसाच्या गावी जाऊन विचारायचं, ही रीत त्यांनी घालून दिली. ती विसरता कामा नये.

माणसालाच नाव

आपल्या भाषेत व्यसनी माणसांसाठी शब्दांची कमी नाही. दारुडा, गांजेकस, अफिमी, अलीकडचा गर्दुल्ला. आजाराला नाव देण्याऐवजी आपण माणसालाच नाव दिलं. क्षयाचा रोगी बरा झाला की तो पुन्हा रामभाऊ होतो. दारुड्याने दारू सोडली तरी गावात तो ‘आधीचा दारुडा’ राहतो.

पण ‘व्यसन’ या शब्दाचा मूळ अर्थ याहून उदार आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवर आहे, आणि तिथे व्यसन म्हणजे संकट, राज्यावर कोसळणारी आपत्ती. आग, पूर, दुष्काळ, रोगराई ही व्यसनं. राजाची शिकार, जुगार, स्त्रिया आणि मद्य हीही व्यसनं. पुराला आणि मद्याला एकाच शब्दात बसवणाऱ्या या ग्रंथाने ‘दोष कुणाचा’ याआधी ‘नुकसान किती आणि उपाय काय’ असं विचारलं. त्यातला जुगार तर फार पुढचा निघाला. अमेरिकन मानसोपचार संघटनेने जुगाराला दारू आणि अफूच्या शेजारी, व्यसनांच्या प्रकरणात बसवलं ते २०१३ मध्ये.

पश्चिमेत दारू म्हणजे पाप आणि दारुडा म्हणजे दुर्बळ इच्छेचा माणूस, असंच फार काळ मानलं जाई. १७८४ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉ. बेंजामिन रश यांनी कडक दारूच्या परिणामांवर लिहिताना पापाच्या भाषेत रोगाची भाषा आणली. १८०४ मध्ये स्कॉटिश डॉक्टर थॉमस ट्रॉटर यांनी दारूच्या सवयीला मनाचा आजार म्हटलं. १८४९ मध्ये स्वीडनच्या माग्नुस हुस यांनी जुनाट मद्यविकाराला वैद्यकीय नाव दिलं. फ्रॉइडने १८८४ मध्ये कोकेनची स्तुती केली आणि पुढे त्याबद्दल पस्तावण्याची पाळी त्याच्यावर आली. रकान्यात ‘पाप’ खोडून ‘रोग’ लिहिला जाऊ लागला होता, पण तो रोग शरीरात नेमका कुठे राहतो, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

ठेल्यावरचा आवाज

भंडाऱ्याहून लाखनी-साकोलीकडे निघालं की प्रत्येक थांब्यावर पानठेला दिसतो. गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहतं, बोलतसुद्धा नाही. ठेलेवाल्याला माहीत असतं. तो सुपारीची बारीक खांडं, तंबाखू आणि बोटावरचा चुना एका पन्नीत घेतो, पन्नी फळीवर दाबतो आणि तळहाताने घोटायला लागतो. करकर, करकर. सुपारी ओलसर, लालसर होते. चुना तिच्यात जिरतो. खर्रा तयार होईपर्यंत मिनिट-दोन मिनिटं जातात. गिऱ्हाइकाच्या तोंडात अजून काहीही पडलेलं नाही, पण तोंडाला पाणी सुटलेलं आहे, आणि हात पुढे झालेला आहे.

या करकरीचं शास्त्र समजून घ्यायला अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला जावं लागतं. तिथे १९३५ मध्ये अफू-हेरॉइनच्या व्यसनींसाठी सरकारने एक संस्था उघडली, अर्धी तुरुंग, अर्धी इस्पितळ. तिथल्या अब्राहम विक्लर या डॉक्टरांना १९४० च्या दशकात एक गोष्ट खटकली. कित्येक महिने नशेपासून दूर असलेली माणसं एकत्र बसून नशेच्या गोष्टी बोलू लागली की त्यांचं नाक गळू लागे, डोळ्यांत पाणी येई, जांभया येत. शरीरात अफूचा कण नव्हता, तरी नशा तुटल्याची लक्षणं हजर. पावलॉव्हचा कुत्रा जसा घंटेने लाळ गाळायला शिकला, तसं या माणसांचं शरीर आठवणींशी, जागांशी, माणसांशी जोडलं गेलं होतं. म्हणूनच इस्पितळातून बरा होऊन गेलेला माणूस आपल्या गल्लीत पाऊल टाकताच पुन्हा पडतो. ठेल्यावरची करकर ही ती घंटा आहे. खर्रा सोडलेला माणूस त्या रस्त्याने जाणं का टाळतो, हे विक्लरांनी सांगण्याआधी त्याच्या बायकोला ठाऊक असतं.

मेंदूचा दरवाजा उघडला तो मात्र एका चुकीने. १९५३ च्या सुमारास कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून विजेचे हलके झटके देत होते. एका उंदराची तार ठरलेल्या जागी न जाता भलतीकडे गेली. झटका जिथे बसला त्या कोपऱ्यात तो उंदीर पुन्हा पुन्हा जायला लागला. मग त्याच्या पायाशी एक दांडा दिला, दाबला की झटका मिळेल असा. उंदीर दांडा दाबत सुटला. पुढच्या प्रयोगांत तर काही उंदरांनी तासाला हजारो वेळा तो दाबला. मेंदूत एक जागा अशी आहे, जिच्यासाठी प्राणी इतकं काही करायला तयार होतो, हे १९५४ मध्ये जगापुढे आलं.

त्या जागेकडे जाणाऱ्या मार्गावर डोपामिन नावाचं रसायन काम करतं. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या असल्याचं दाखवलं. त्यांना २००० मध्ये नोबेल मिळालं. १९८८ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावरचे गाएतानो डि किआरा आणि अस्सुंता इंपेराटो यांनी उंदरांवर दाखवलं की दारू, अफूजन्य पदार्थ, कोकेन, निकोटिन, हे सगळे आपापल्या वाटेने येऊन मेंदूच्या एकाच भागात डोपामिन वाढवतात. वेगवेगळ्या व्यसनांचे पाय एकाच उंबरठ्यावर मिळाले.

डोपामिन म्हणजे सुख, असं समीकरण मग सगळीकडे झालं. ते फार काळ टिकलं नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत पाहिलं की फळांचा रस अचानक मिळाला की डोपामिनच्या पेशी जागतात. पण रसाआधी दिवा लागतो हे माकड शिकलं की त्या रसाला नाही, दिव्याला जागतात. टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ मध्ये एक भेद मांडला. त्यासाठी मराठीत दोन सुंदर शब्द आधीपासून आहेत: आवड आणि ओढ. व्यसन वाढत जातं तशी आवड कमी होते, ओढ मात्र वाढत जाते. खर्ऱ्याने तोंड सोलवटलेला, तिखटाचा घास न चालणारा माणूसही करकर ऐकून ठेल्याकडे वळतो. त्याला आता त्यात सुख मिळत नाही, हे तो स्वतःच सांगतो. तरी पाय तिकडे जातात.

चुना, सुपारी आणि तंबाखू

निकोटिनचा आणि शास्त्राचा संबंध जुना आहे. केंब्रिजचे जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये निकोटिन वापरूनच ही कल्पना मांडली की पेशींवर औषध बसायला ठरावीक जागा असतात. आजच्या औषधशास्त्राचा पाया ठरलेली ‘रिसेप्टर’ची संकल्पना ती हीच. तरीही तंबाखू व्यसन आहे की नुसती सवय, यावर पुढे कित्येक दशकं वाद चालला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ च्या अहवालाने धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो असं ठाम सांगितलं, पण तंबाखूला सवयच म्हटलं. १९८८ च्या अहवालाने मात्र निकोटिन हेरॉइन-कोकेनसारखंच व्यसन लावतं असं जाहीर केलं.

खर्ऱ्यात निकोटिन एकटं नसतं. चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होतं, आणि अशा वातावरणात निकोटिन गालाच्या पातळ त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरतं. सुपारीत अरेकोलिन नावाचा द्रव्यांश असतो. तोही मेंदूतल्या निकोटिनच्याच काही कुलपांत बसतो, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. सुपारी एकटीही कर्करोग करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये ठरवलं. म्हणजे ठेलेवाल्याच्या पन्नीत दोन व्यसनं एकत्र घोटली जातात आणि चुना त्यांना वाट करून देतो. प्रयोगशाळा ज्या सूत्रापर्यंत शंभर वर्षांनी पोहोचली, ते तळहाताला आधीच जमलेलं होतं.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. ओढणारे ३.८ टक्के, धूर न करता तोंडात ठेवणारे २४.४ टक्के. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली आणि पुढे ती सुगंधी तंबाखू-सुपारीपर्यंत नेली. ठेल्यावरची करकर थांबलेली नाही.

भंडाऱ्याला ही गोष्ट दुहेरी बोचते. इथल्या जंगलात एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता तोडला जातो, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथल्या बायका घरात बसून हजारीच्या हिशेबाने बिड्या वळत आल्या. ज्या तंबाखूने घरातला पुरुष खंगला, त्याच तंबाखूच्या धुळीत बसून तिने पोरांच्या शाळेचा खर्च काढला. या बाईपुढे रकान्यात काय लिहायचं?

पिंजरा बदलला तर

मेंदूची गोष्ट पुढे येत होती तेव्हाच दुसरीकडून तिला एक मोठा धक्का बसत होता. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे हजारो सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले. १९७१ मध्ये परतणाऱ्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स यांनी केला. साधारण पाचातला एक तिथे व्यसनी झाला होता. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात, व्यसनी झालेल्यांपैकी जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनात सापडले. त्याच दशकाच्या शेवटी कॅनडात ब्रूस अलेक्झांडर यांनी उंदरांना एकेकट्या पिंजऱ्यांतून काढून सोबती, खेळ, मोकळी जागा असलेल्या मोठ्या घरात ठेवलं; त्यांनी मॉर्फिनचं पाणी फार कमी प्यायलं. पुढे इतरांनी हा प्रयोग केला तेव्हा निकाल दर वेळी तसाच आला नाही, पण सैनिकांचे आकडे उभेच राहिले. १९९७ मध्ये ॲलन लेश्नर यांनी व्यसन हा मेंदूचा आजार आहे असं ठासून मांडलं तेव्हा अनेकांनी हाच प्रश्न केला: मग जागा बदलली की इतके जण बरे कसे होतात?

महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर हाताने दिलं गेलं, आणि ते दोन ठिकाणी. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहिलं. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदतीचा हात पुढे केला. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं केलं. तिथे येणारा माणूस रुग्णमित्र होता, गुन्हेगार नव्हता. व्यसन हा आजार आहे हे त्याला सांगितलं जाई, आणि सोबतच हेही की बरं होण्याची जबाबदारी त्याची आहे. बायकोलाही तिथे बोलावलं जाई, कारण आजार घरभर पसरलेला असतो.

त्याच सुमारास डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लाखांदूर तालुका ओलांडला की हा जिल्हा लागतो. तिथे दारूचा प्रश्न गावागावातल्या बायकांनी हातात घेतला, आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम दारूच्या जोडीने खर्ऱ्यालाही भिडतो आहे. मुक्तांगणने माणसाला धरलं, गडचिरोलीने गावाला. दोन्ही कामं एकाच आजारावर चालली होती.

पुन्हा तोच रकाना

आज भंडाऱ्यात दंतवैद्य रुग्णाला सांगतात, तोंड उघडा, तीन बोटं उभी घाला. खर्ऱ्याने गालाच्या आतली त्वचा दोरीसारखी कडक झालेली असते. कुणाची दोनच बोटं जातात, कुणाचं एक. मग केसपेपरवर लिहिलं जातं: खर्रा, बारा वर्षं. तो रकाना मला १८९२ च्या रजिस्टरातल्या रकान्यासारखाच दिसतो. नोंद खरी आहे, चुकीची नाही, आणि तरी अपुरी आहे.

त्या माणसाच्या गावात जाऊन विचारलं, तर तो सांगतो की पहिला खर्रा रोवणीच्या दिवसांत तोंडात टाकला. पहाटेपासून चिखलात वाकून, दुपारपर्यंत पोटात काही नाही. खर्ऱ्याने भूक मरते म्हणून कुणीतरी दिला. निकोटिन भूक मारतं हे शास्त्राने पुढे दाखवलं, त्याला ते बांधावर कळलं. मग ठेला, करकर, सोबती, आणि एक दिवस आवड गेली, ओढ उरली. यात मेंदू आहे, सवय आहे, गरिबी आहे. एक जरी गाळलं तरी उपचार अर्धा राहतो.

सव्वाशे वर्षांपूर्वी २२२ नावांपुढे एकच शब्द लिहिलेला होता आणि काही माणसांनी तो मानला नाही. त्यांनी रोग्यांच्या घरच्यांकडे चौकशी करवली, आणि शंभराहून जास्त माणसांपुढचा तो शब्द खोडावा लागला. आज कुठल्याही दवाखान्यात त्या रकान्यावर पेन टेकवण्याआधी समोरच्या माणसाला विचारावं: बाबा, पहिल्यांदा कधी घेतला? कुणी दिला? आणि त्या दिवशी जेवला होतास का?